तांबडीचं आवतण

जगात काळजी करण्यासारखं जे काही आहे, त्यातलं निम्मं आमच्या साडूभाऊंनी एकट्याने अंगावर घेतलेलं आहे आणि उरलेलं निम्मं बाकीच्या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यावं, अशी एकंदर व्यवस्था आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. खामगावात त्यांचं औषधांचं दुकान आहे. दुकान बंद करताना ते कुलूप लावतात, ओढून पाहतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढून पाहतात. शेजारचा किराणावाला आता त्यांना जातानाच सांगतो की काका, मी ओढून पाहिलं, लागलेलं आहे. त्यावर ते थांबतात, त्याचे आभार मानतात आणि त्याने नीट ओढलं असेल की नाही या काळजीने परत येतात. कुणी डोकेदुखीची गोळी मागितली तर ती हातात पडायला इतका वेळ लागतो की काहींचं डोकं तेवढ्यात थांबतं. सकाळी काय खाल्लं, पोटात जळजळ होते का, घरात कुणाला दमा आहे का, मागच्या खेपेला हीच गोळी घेतली तेव्हा अंगावर काही उठलं होतं का, हे सगळं विचारून झाल्यावर ते बहुधा म्हणतात, ‘‘गोळी राहू द्या, थोडं पडून पाहा.’’ अशा पद्धतीने औषधांचं दुकान इतकी वर्षं कसं चाललं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी मलकापूरला असतो, शाळेत शिकवतो. साडूभाऊंना मुंबई-पुण्याकडे जायचं असलं की ते आमच्याकडे येऊन गाडी धरतात. गाडी संध्याकाळची असेल तर सकाळचा चहा ते आमच्याकडे घेतात आणि जेवण होईपर्यंत दर थोड्या वेळाने गाडी वेळेवर आहे ना, असं मला विचारतात, जणू गाडी मीच चालवणार आहे. फलाटावर उभं राहिल्यावर त्यांना घरचा गॅस आठवतो. मग ताईला फोन जातो, ताई स्वयंपाकघरात जाऊन गॅस पाहून आल्याचं सांगते, आणि साडूभाऊ मला हळूच म्हणतात, ‘‘ती पाहून आली असंल का हो, का बसल्या जागीच सांगितलं?’’

आता असल्या माणसाने आयुष्यात एखादा संथ नाद लावून घ्यावा. भजनी मंडळ आहे, बागकाम आहे. साडूभाऊंना नाद आहे तो घोड्यांच्या शर्यतींचा. बैलजोड्यांचा नव्हे, अस्सल जातिवंत रेसच्या घोड्यांचा. औषधशास्त्र शिकायला ते तरुणपणी पुण्याला होते आणि त्यांची खोली रेसकोर्सच्या जवळ होती. सकाळच्या धुक्यात वाफा सोडत फिरणारी ती जनावरं पाहून हा माणूस जो खुळावला, तो खामगावात येऊन, लग्न करून, मुलांची लग्नं लावून झाली तरी खुळावलेलाच आहे. पैसे मात्र त्यांनी कधी लावले नाहीत. घोडा पळताना मुळातच इतकी काळजी असते, त्यात पैशांची कुठे घालायची, असं त्यांचं म्हणणं. हंगामात शर्यतीच्या दिवशी दुकानाचं अर्धं शटर खाली येतं आणि साडूभाऊ मोबाइल बरणीला टेकवून स्टुलावर बसतात. कोण पुढे आहे, कोण मागे आहे, याकडे त्यांचं लक्षच नसतं. एकदा मी शेजारी बसून उत्साहाने तीन नंबरचा घोडा जिंकला म्हणून सांगितलं, तर ते माझ्यावर रागावले. ‘‘जितला ते दिसलं मले,’’ ते म्हणाले. ‘‘नाकपुड्या पाहा, मास्तर. रक्त त नाही ना आलं?’’ सगळे घोडे आपापल्या पायांवर चालत माघारी गेलेले दिसले की मग ते शटर वर करतात आणि पाणी पितात.

रक्ताची ही भानगड मला त्यांच्याकडूनच कळली. जिवाच्या आकांताने पळताना काही घोड्यांच्या फुप्फुसांत रक्त उतरतं. त्यावर एक लघवीचं औषध आहे. त्याने अंगातलं पाणी निघून जातं, रक्त येणं कमी होतं आणि घोडा वजनाने हलकाही होतो. बाहेरच्या काही देशांत हे औषध शर्यतीच्या दिवशी चालतं, काही ठिकाणी अजिबात चालत नाही आणि या विषयावर तिकडची मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं भांडत आहेत. त्या भांडणात खामगावची बाजू साडूभाऊ एकट्याने लढवतात. दुखणं दाबणारी औषधं, सूज उतरवणारी औषधं, सगळ्यांवर त्यांचा राग आहे. घोड्याचं दुखणं मारलं की त्याला आपला पाय दुखतोय हे कळत नाही, तो दुखऱ्या पायावर पळतो आणि तो पाय मोडतो, हे ऐकताना दुकानात दम्याची बाटली घ्यायला आलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. ‘‘घोडा पळाला पाह्यजे,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ‘‘शिशी नाही पळाली पाह्यजे.’’

गंमत अशी की तेच लघवीचं औषध त्यांना स्वतःला रक्तदाबासाठी रोज सकाळी घ्यावं लागतं. ते घेतल्यावर त्यांची जी धावपळ चालते ती पाहून मी एकदा म्हटलं की या वेगाने तुम्ही शर्यतीत सहज नंबर काढाल. ते गंभीर होऊन म्हणाले, ‘‘नंबर काढीन हो, पण तपासणीत बाद होईन.’’ शर्यत जिंकलेल्या घोड्याची लघवी तपासायला घेतात, तेव्हा त्याने ती लवकर करावी म्हणून मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, त्याच्याजवळ उभा राहून हलकेच शीळ घालतो. हे कळल्यापासून ताईने घरात कुकरच्या शिटीलासुद्धा जपायला सुरुवात केली.

या सगळ्या औषधद्वेषाचं मूळ मात्र हसण्यासारखं नाही. साडूभाऊंचं मूळ घर बीबी गावाच्या बाजूला. त्यांच्या वडिलांना बैलांच्या शर्यतीचा, म्हणजे आमच्याकडच्या शंकरपटाचा शौक होता आणि घरात एक पांढरा बैल होता, ज्याच्या शिंगांना धरून साडूभाऊ लहानपणी झोके घेत. एका पटात धुरकऱ्याने, म्हणजे जोडी हाकणाऱ्याने, कुणाला न सांगता त्या बैलाला काहीतरी पाजलं. बैल असा पळाला की लोकांनी फेटे उडवले. पट संपल्यावर तो चिंचेखाली बसला आणि पुन्हा उठला नाही. वडिलांनी त्यानंतर पटाकडे पाऊल टाकलं नाही. हे साडूभाऊंनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर दुकानाचं कुलूप तपासायला गेले, दुकान उघडं असताना.

तर अशा माणसाला काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका जुन्या वर्गमित्राने आपल्या घोडीत भागीदार करून घेतलं. भागीदार फार होते आणि साडूभाऊंचा वाटा इतका लहान की मित्र थट्टेने म्हणाला, तुझ्या वाट्याला शेपूट आलं. साडूभाऊंनी ते मनावर घेतलं. घोडीचं कागदावरचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते तिला तांबडी म्हणत. दर रविवारी त्या मित्राला फोन करून ते तांबडीच्या शेपटीला गोचीड वगैरे काही नाही ना, याची चौकशी करत. तांबडी शर्यतींत फारसं काही करून दाखवत नव्हती. चौथी यायची, सहावी यायची. साडूभाऊंना त्याचं काही नव्हतं. ‘‘घरी आली ना चालत?’’ एवढंच ते विचारत.

त्या वर्षी तांबडीची शर्यत नेमकी पोळ्याच्या दिवशी आली आणि साडूभाऊंनी मला बरोबर चलण्याची गळ घातली. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही तबेल्यावर पोचलो. तांबडीचा मोतद्दार साताऱ्याकडचा, चाळिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस होता. तबेल्यात ज्याला-त्याला शिरू देत नाहीत, पण साडूभाऊंना तो ओळखत होता. फोनवर शेपटीची चौकशी करणारे काका हेच, असं त्याने इतरांना कौतुकाने सांगितलं. साडूभाऊ घोडीजवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काय झालं कोण जाणे, तो खांदा मळू लागले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि वर्षभर राबलेल्या त्या जनावराला मानाने जेवणाचं निमंत्रण देतात. साडूभाऊंच्या हाताला ती जुनी सवय. हळद नव्हती, तूप नव्हतं, पण मळता मळता त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’’

तांबडीने कान हलवला. साडूभाऊंचा चेहरा एकदम उतरला. बाहेर आल्यावर मी विचारलं की काय झालं, तर म्हणाले, ‘‘मास्तर, मी तिले आवतण देऊन बसलो.’’ मी म्हटलं, मग काय झालं? ते म्हणाले, उद्या तिची शर्यत, शर्यतीच्या दिवशी ट्रेनर तिला ठरलेल्या दाणा-चंदीशिवाय काही देऊ देत नाही, आणि आवतण देऊन जनावराला उपाशी ठेवणं म्हणजे काय ते तुम्हाला समजत नाही, तुम्ही मलकापूरचे. मलकापूरचा माणूस जनावरांच्या बाबतीत निर्दय असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा तबेल्यावर गेलो. मोतद्दार बादली घेऊन पाण्याला गेला. मी दाराशी उभा होतो. साडूभाऊंनी सफारीच्या खिशात हात घातलेला मला दिसला, मला वाटलं रक्तदाबाची गोळी काढताहेत. त्यांनी काढली ती करंजी. ताईने पोळ्याच्या म्हणून केलेल्या आणि प्रवासात आम्हाला बांधून दिलेल्या करंज्यांपैकी एक. ती त्यांनी तांबडीच्या ओठांशी धरली, तिने घेतली, आणि ते चोरासारखे माझ्याआधी बाहेर पडले. ‘‘तूप, गूळ अन् खोबरं,’’ ते वाटेत मला सांगत होते. ‘‘त्याच्यात औषध काय हाय? काहीच नाही.’’ त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

दुपारी तांबडी जिंकली. आयुष्यात पहिल्यांदा. भागीदार एकमेकांच्या गळ्यात पडत होते, मोतद्दार रडत होता. साडूभाऊ तिच्या नाकपुड्या पाहत होते. मग नियमाप्रमाणे तिला तपासणीच्या खोलीकडे नेलं, आणि आतून बारीक शीळ ऐकू आल्यावर साडूभाऊही घाईने दुसऱ्या दिशेला गेले. परतीच्या गाडीत ते इतके आनंदात होते की गॅसची आठवण मलाच त्यांना करून द्यावी लागली.

घरी पोचल्यावर त्यांनी चहाबरोबर एक करंजी घेतली आणि ताईला सहज विचारलं की सारणात काय काय घालतेस गं. ताई म्हणाली खोबरं, रवा, गूळ, वेलची, खसखस. साडूभाऊंच्या हातातली करंजी बशीत पडली. खसखस अफूच्या बोंडातली असते, हे औषधांच्या दुकानदाराला सांगावं लागत नाही. भाजून कुटून सारणात घातली तरी तिचा अंश उरतो आणि तपासणीत तो मॉर्फिन म्हणून सापडू शकतो. ज्या माणसाने जन्मभर शिशी पळू नये म्हणून जीव टाकला, त्याने स्वतःच्या हाताने घोडीला अफू चारली होती.

ताईने मला फोन करून बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा साडूभाऊ दुकान बंद करून माजघरात बसले होते, आणि कुलूप लावलं का हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही, त्यावरून प्रकरण काय आहे हे मला कळलं. तपासणीचा निकाल अजून यायचा होता. पुण्याच्या मित्राला मी विचारलं, तो म्हणाला, एका करंजीने काय होतं, गप्प बसा, बहुधा काहीच निघणार नाही आणि निघालंच तर कुठून आलं ते कुणाला कळणार आहे? मलाही ते पटलं आणि मी तसं बोललो. साडूभाऊंनी मान हलवली. निघालं तर पहिलं धरतील ते मोतद्दाराला, ते म्हणाले. घोडी त्याच्या ताब्यात होती. त्याची नोकरी जाईल, पुन्हा कुठल्या तबेल्यात त्याला उभं करणार नाहीत. ‘‘आमच्या बैलाले कोणी पाजलं, ते आमाले कधी कळलंच नसतं,’’ ते म्हणाले. ‘‘तो धुरकरी सोताहून सांगाले आला होता बाबाले. रडत आला होता. मी त्याच्याहून खालचा हाय का?’’ ही अर्धी गोष्ट त्यांनी मला इतक्या वर्षांत सांगितली नव्हती.

आणि त्यांनी ट्रेनरला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून मी धरला. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. तांबडीला रेसच्या दिवशी मी करंजी चारली, तिच्यात खसखस होती, तुमचा माणूस पाण्याला गेला होता, त्याला ठाऊक नाही. ‘‘जे काय लिवाचं ते माह्या नावावर लिवा, साहेब. जितलेलं परत घ्याचं असंल त घ्या. पण त्याले काही करू नका.’’

मग ट्रेनरने जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. शेवटचं वाक्य एवढंच होतं की यापुढे माझ्या तबेल्यात पाऊल टाकायचं नाही, शर्यत बघायची तर लोकांत बसून बघा. ‘‘हाव,’’ साडूभाऊ म्हणाले. ‘‘बरोबर हाय तुमचं.’’ तेवढ्यात ट्रेनरने मोतद्दाराला बोलावून घेतलं होतं आणि त्याने फोन हातात घेतला. आवाज जरा ओशाळलेला होता. तो म्हणाला, काका, मी पाणी घेऊन आलो तर घोडीबाई करंजी नुसती ओठांत धरून उभी, काय करावं तिला कळेना. मला बघितलं आणि खाली टाकली. पोळ्याची करंजी, अख्खी होती, फेकवेना, म्हणून पुसून मी खाल्ली.

माजघरात ताई देवाकडे बघून हात जोडत होती, मी खुर्चीत टेकलो. साडूभाऊंनी फोन जवळ ओढला आणि विचारलं, ‘‘खाल्ल्यावर हात धुतले होते का, भाऊ?’’

मग निकाल येईपर्यंत साडूभाऊंच्या फोनांमधून ते हात आमच्या घरात रोज धुतले गेले. मोतद्दाराने साबण लावला असेल का, धुतले नसतील आणि त्याच हाताने तिला लगाम घातला असेल तर किती अंश गेला असेल, ओठाला सारण लागलं असेल का. निकाल स्वच्छ आला. मी पेढे घेऊन गेलो तर साडूभाऊ दुकानात स्टुलावर खिन्न बसलेले. मला वाटलं तबेल्यात यायला बंदी झाली त्याचं दुःख असेल. ते होतंच, पण ते म्हणाले, ‘‘मास्तर, म्हणजे तिनं आवतण घेतलं अन् उपाशीच पळाली.’’ मला हसू आलं नाही. मला त्यांची फार माया वाटली.

पुढे दोन-तीन हंगाम त्यांनी तांबडीला मोबाइलवरच पाहिलं. मग तिच्या पुढच्या पायाला सूज आली. दुखणं दाबून आणखी थोडं पळवता येईल, असं काही भागीदारांचं मत होतं. शेपटीच्या मालकाने त्यांतल्या प्रत्येकाला इतके फोन केले की त्या फोनांना कंटाळून सगळ्यांनी तिला मोकळं केलं. पुण्याबाहेर एका शेतावर ती राहते. तिथे तपासणी नाही, शीळ नाही, कुणाची बंदी नाही. साडूभाऊ दर पोळ्याला तिथे जाऊ लागले, खिशात हळद, डबीत तूप आणि पिशवीत करंज्या, आता बिनधास्त खसखशीच्या.

यंदा त्यांना जाता आलं नाही. हृदयाचं काहीतरी निघालं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. ते ताईला म्हणाले की तांबडी वाट पाहत असंल, आणि ताईने मला सांगितलं. मी गेलो. चारचौघांत घोड्याचा खांदा मळताना मला फार लाज वाटत होती. फोन चालू होता, साडूभाऊ खामगावातून सूचना देत होते, हळद कमी, तूप जास्त, डावा खांदा आधी. मी ते शब्द म्हटले. ‘‘कान हलवला का?’’ त्यांनी विचारलं. तिच्या कानाशी एक माशी होती, पण हलवला हे खरंच होतं आणि मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी करंजी दिली तेव्हा फोन तिच्या तोंडाजवळ धरला. तिचे दातही आता झिजलेत. करंजी फुटल्याचा आवाज तिकडे गेला असावा, कारण साडूभाऊ म्हणाले, ‘‘हळू चारा, ठसका लागंल तिले.’’ मग ते म्हणाले, ‘‘मास्तर, पुढच्या पोळ्याले मी असलो नसलो, तिचं आवतण चुकवू नका.’’

मी हो म्हटलं. जगातल्या काळजीचा त्यांच्याकडचा एवढा वाटा आता माझ्याकडे आला आहे. पुढच्या वर्षीचा पोळा कधी येतो ते मी कॅलेंडरात पाहून ठेवलं आहे. ते कॅलेंडर बरोबर आहे ना, हे उद्या शाळेतल्या पंचांगात पुन्हा एकदा पाहून घेईन.